मुरलेला पाला

"आबा, ते पोतं खाली ठेवा! खाली ठेवा म्हणतो ना!"

शेजारचा थोरला अंगणात ओरडत होता आणि त्याचा बाप पोत्याचं तोंड मुठीत धरून, पोतं फरफटत उकिरड्याकडं निघाला होता. पोतं फार जड नव्हतं. आत वाळला पालाच होता. पण म्हाताऱ्याचं वयही आता पोती ओढायचं राहिलं नव्हतं. दर चार पावलांवर थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचा.

आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. त्यांच्याकडं भांडं पडलं तर आमचं मांजर दचकतं. त्यामुळं हे भांडण काही मला नवं नव्हतं. दर वर्षी नवा पाला घरात आला की म्हातारा मागच्या वर्षीचा उरलेला बाहेर काढायचा आणि थोरल्याच्या जिवावर यायचं.

"चांगला वाळलेला माल आहे. कीड नाही, बुरशी नाही," थोरला म्हणाला. "एवढा डोंगर चढून तुम्हीच आणलाय ना? मग मातीत कशाला घालता?"

"वास घे," म्हातारा म्हणाला.

थोरल्यानं मूठभर पाला नाकाशी नेला. "येतोय की वास."

"किती येतोय? आणलेल्या दिवशी येत होता तेवढा?"

"तेवढा कसा येईल?"

"मग राहिलेला गेला कुठं?" म्हाताऱ्यानं माळ्याकडं बोट केलं. "वर्षभर तुझ्या घरात घमघमाट सुटला होता ना? माणसं म्हणायची, काय छान वास येतो तुमच्याकडं. अरे, ते औषध उडून जात होतं. आता ही काडी राहिली. ही जनावराला घातली काय आणि भुसा घातला काय."

धाकटा कठड्यावर बसून हसत होता. "दादा, तू शेणाच्या गोवऱ्यासुद्धा जपून ठेवशील, चुलीत घालायला जीव होणार नाही तुझा."

"तू गप रे. कमवायची अक्कल नाही त्यानं जपायचं शिकवू नये," थोरला म्हणाला, पण म्हाताऱ्यानं पोतं उकिरड्यात पालथं केलंच. थोरला कितीतरी वेळ त्या ढिगाकडं बघत उभा होता. घरात कुणी मेल्यासारखा चेहरा करून.

तो पाला म्हणजे आमच्या भागातला कडूपाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला जो खडकाळ कडा आहे, तिथं कपारीतून उगवतो. करडा, मऊ, चुरगळला की डोळ्यात पाणी आणणारा. फुलावर यायच्या आत कापायचा, सावलीत वाळवायचा. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जंत झाले की म्हातारा तो उकळून पाजायचा. पानाचा तुकडा जिभेवर ठेवला तर माणसाचं तोंड दिवसभर वाकडं राहायचं. त्यांच्या घरात हे काम बापाच्या बापापासून चालत आलेलं. गावात ज्याच्या दावणीला शेरडू, त्याचे पाय त्यांच्या दाराशी लागलेले.

म्हातारा गेला तो पाला आणूनच गेला. शेवटच्या वर्षी तो हट्टानं कडा चढला, त्यानं नेहमीपेक्षा जास्त कापलं, सावलीत पसरलं, उलटंपालटं केलं, पोत्यात भरलं. आणि अंथरूण धरलं ते उठलाच नाही. त्याच्या हातचं ते पोतं माळ्यावर राहिलं. पुढच्या वर्षी ते टाकायची वेळ आली तेव्हा थोरल्यानं हात लावू दिला नाही. थोरली, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "काकू, पोत्याच्या तोंडाची गाठ आबांच्या हातची आहे. हे ती सोडायला तयार नाहीत. मी काय बोलू?"

खरं आहे, काय बोलणार?

मग वाटण्या झाल्या. घर मधोमध विभागलं, अंगण सामाईक राहिलं. काळी जमीन थोरल्याकडं आली, धाकट्याला खालची दगडाळ पट्टी आली. आता ती वाटणी म्हाताऱ्यानंच सांगून ठेवली होती, की थोरल्यानं गोड बोलून करून घेतली, यावर गावात दोन तट होते आणि अजून आहेत. मला विचाराल तर दोन्हीही थोडं थोडं. धाकटा तोंडानं मोकळा आणि हातानं ढिला. मिळालं ते घेऊन बसला. पण धाकटी, त्याची बायको, तशी नव्हती. ती माळ्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, पाला अर्धा आमचा."

"औषधाची वाटणी होत नसते," थोरला म्हणाला.

"जमिनीची होते, भांड्यांची होते, दाराच्या कडीचीसुद्धा झाली. पाल्याचीच का नाही?"

"कारण ते काम एका हातात राहायला पाहिजे. तुम्हाला लागेल तेव्हा मागा. घरच्या माणसाला नाही म्हणेन का मी?"

धाकटीच्या मनात ते रुतलं. तिनं त्या दगडाळ पट्टीकडं बघून शेळ्या धरल्या. तिथं पीक येत नव्हतं, पण झुडपं होती. एका काण्या शेळीपासून सुरुवात केली. काणीची झिपरी झाली, झिपरीच्या ठिपक्या आणि भुरी झाल्या. बघता बघता गोठा भरला. दूध, करडं, लेंडीखत, सगळं त्यांच्यावरच. धाकटी जेवताना उठून शेळीला बघून यायची. नवरा म्हणायचा, "मी आजारी पडलो तर एवढं बघशील का?" ती म्हणायची, "तू दूध देतोस का?"

इकडं थोरल्याचे गुडघे धरले. कडा चढणं त्याला होईना. पहिल्यासारखं दर वर्षी जाणं राहिलं. एखाद्या वर्षी गेला तर गेला. पण माळा भरलेला होता. त्याला वाटायचं, आहे तो संपू तर दे. कुणीतरी एकदा विचारलंच, "काय रे, हा पाला जुना दिसतोय?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "जुना नाही, मुरलेला आहे. मुरल्याशिवाय गुण येतो का?"

झालं. तो शब्द लोकांना इतका आवडला की विचारू नका. लोणचं मुरतं, खत मुरतं, माणूससुद्धा मुरतो, मग औषध का नाही मुरणार? लोक येऊन सांगायला लागले, "मुरलेला दे हं, ताजा नको." आणि ती वर्षं अशी कोरडी गेली की जंत धरायला गवत तरी ओलं पाहिजे ना! जनावरं दोन दिवस मलूल व्हायची आणि आपली आपण उठायची. नाव व्हायचं पाल्याचं. थोरला स्वतःही ते मानायला लागला. शब्द तोंडातून निघाला तेव्हा सबब होती. लोकांच्या तोंडून फिरून परत आला तेव्हा त्याचं ज्ञान झालं. माळ्यावर त्यानं पोती वयाप्रमाणं लावली. सगळ्यात आत, पत्र्याला टेकून, बापाच्या हातचं. ऊन तापलं की माळ्यावर हात लावता येत नव्हता, पाऊस आला की पत्रा घामेजायचा. पण ते पोतं तिथंच.

"ते कुणासाठी ठेवलंय?" मी एकदा विचारलं.

"घरच्यासाठी, काकू. वेळ येईल तेव्हा."

वेळ आली ती पावसानं आणली. त्या वर्षी पाऊस पडायचा थांबलाच नाही. जोराचा नव्हे, नुसता रिपरिप. भिंतींना पोपडे आले, चुलीतलं लाकूड धुरायचं, पायांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या. गवत मात्र गुडघाभर. शेळ्या ते ओलं, लुसलुशीत गवत बुडख्यापर्यंत खायच्या आणि जंत नेमके तिथंच, बुडख्याशी.

आधी झिपरी मागं राहायला लागली. मग भुरीची लेंडी पातळ झाली. एका सकाळी धाकटीनं झिपरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. "काकू, बघा." एरवी लालचुटूक दिसणारा आतला भाग पांढराफटक, कागदासारखा. जबड्याखाली हात लावला तर पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज.

"रक्त पितायत आतून," मी म्हणाले. "वेळ लावू नकोस."

धाकटा पावसासाठी डोक्यावर रिकामं पोतं घेऊन निघालाच होता. जनावरांचा डॉक्टर बाजाराच्या गावी बसतो. ओढ्याला पाणी होतं, पण वरच्या अंगानं जाता आलं असतं. थोरल्यानं त्याला फाटकात धरलं.

"कुठं निघालास?"

"डॉक्टरकडं. गोळ्या घेऊन येतो."

"घरात पाला असताना? लोक कोसाकोसावरून आपल्या दारात येतात आणि तू आपल्याच घरचं सोडून दुसऱ्याच्या दारात जाणार? लोक काय म्हणतील? अरे, मी मेलोय का?"

धाकटा घुटमळला. बायकोकडं बघितलं.

"जाऊ दे त्यांना, दादा," धाकटी म्हणाली. "पालाही द्या, गोळ्याही येऊ देत."

"दोन औषधं पोटात भांडतात. ऐक माझं. तुझ्या शेळ्यांना मी असा पाला देतो, जो आजवर कुणाला दिला नाही."

मी तिथंच होते, म्हणून सांगते. गुडघे दुखत असताना तो माणूस शिडीवर चढला. सगळी पोती बाजूला सारत आत गेला, पत्र्याला डोकं लागलं, शिवी दिली, आणि बापाच्या हातचं पोतं छातीशी धरून खाली उतरला. गाठ सोडताना त्याचे हात थरथरत होते. थोरली तोंडावर पदर धरून उभी. तो म्हणाला, "आबांच्या हातचा आहे. एवढी वर्षं मुरलाय. घे, सगळा घे. कमी पडू देऊ नकोस."

धाकटीचे डोळे भरून आले. वाटणीनंतर पहिल्यांदा तिनं त्याच्यापुढं मान लववून पोतं घेतलं. "दादा, एवढं तुम्ही..."

आता याच्या आदल्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आदल्या दिवशी एक मेंढीवाला आला होता. फिरस्ता, आमच्या गावचाही नव्हे. पावसानं त्याचा कळप ओढ्याकाठी अडकला होता आणि मेंढ्या अशाच मलूल झाल्या होत्या. तो दारात उभा राहून गयावया करायला लागला. थोरल्यानं दाराशेजारचं एक लहान गाठोडं उचलून त्याला दिलं. थोरली मागच्या हंगामात लाकडं आणायला कड्यावर गेली होती तेव्हा तिनं येताजाता कापून, वळचणीच्या सावलीत वाळवलेला तो पाला. थोरल्यानं तो माळ्यावरसुद्धा चढवला नव्हता. "कोवळा आहे, अजून मुरला नाही," तो मेंढीवाल्याला म्हणाला, जसा काही माफी मागत होता. "पण आता तुला देण्याजोगा एवढाच. चालवून घे."

तर इकडं धाकटीनं आबांच्या हातचा पाला उकळला. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पाण्याला रंग आला, चहासारखा. मी तिच्याबरोबर होते. मी शेळीचं तोंड धरायचं, तिनं बांबूच्या नळीनं ओतायचं. एरवी कडूपाला पाजताना शेळी लाथा झाडते, मान झटकते, अंगावर थुंकते. त्या दिवशी झिपरीनं मुकाट्यानं पिऊन टाकलं. वर ओठ चाटले.

"बघा, समजून पितेय," धाकटी म्हणाली. "शहाणी गं माझी."

मला तेव्हा कळायला हवं होतं. शेळी औषधाला ओठ चाटत नाही. पण पोतं म्हाताऱ्याच्या हातचं होतं, आणि माणसाचं डोकं अशा वेळी चालत नाही.

सकाळ-संध्याकाळ पाजलं. थोरला दर वेळी अंगण ओलांडून यायचा. "उतरतंय. मुरलेल्याला वेळ लागतो, पण मुळापासून काढतो." झिपरी आडवी झाली. थोरला म्हणाला, "जंत मरताना जनावर असं पडतं." झिपरी मेली. थोरला म्हणाला, "तिच्यात उशीर झाला होता." मग भुरी गेली. मग एक गाभण ठिपकी, पोटातल्यासकट. धाकटा शेवटी कुणाला न विचारता पावसात निघून गेला आणि डॉक्टरला घेऊनच आला. डॉक्टर चिखलानं कमरेपर्यंत भरला होता. त्यानं पापण्या बघितल्या, उरलेल्यांना औषध पाजलं आणि धाकट्याला एवढंच म्हणाला, "पहिल्या दिवशी यायचं होतंत." ओरडला नाही, काही नाही. बिचारा हात धुऊन परत गेला. पण उरलेल्यांत रक्त म्हणून नव्हतंच. काणी तेवढी वाचली. ती म्हातारी, दात पडलेली. तिला ते ओलं गवत चावतच नव्हतं, म्हणून वाचली असेल.

गोठा रिकामा झाला त्या दिवशी धाकटा आणि त्याचा एक शेजारी शेवटच्या ठिपकीला पाय बांधून बाहेर काढत होते. धाकटी दारात बसली होती, हात मांडीवर उताणे टाकून. रडत नव्हती. आणि नेमका त्याच वेळी तो मेंढीवाला फाटकातून आत आला.

तो हसत होता हो! त्याचा काय दोष? पाऊस उघडला होता, कळप हलणार होता. काखेत लोकरीची घोंगडी होती थोरल्याला द्यायला. अंगणाच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "दादा, तुमच्या हाताला यश आहे! एकही मेली नाही. पाला काय, जहर होता नुसता. मेंढ्यांनी अशा लाथा झाडल्या! माझ्या हाताचा वास अजून जात नाही, बघा."

आणि त्यानं खरंच हात पुढं केला.

थोरला दारात उभा. मेंढीवाल्यानं मग मेलेली शेळी बघितली, धाकटीकडं बघितलं, काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं. घोंगडी कठड्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

धाकटी उठली. सावकाश चालत थोरल्यापुढं येऊन उभी राहिली.

"परक्याला जहर आणि आम्हाला काय दिलंत, दादा?"

"अगं, मी तुला चांगल्यातला चांगला..."

"काय दिलंत?"

"आबांच्या हातचा. तुझ्यासमोर गाठ सोडली मी."

"गाठ आबांची होती. आत काय होतं?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अर्धा पाला मागितला होता, तो डोळ्यात सलत होता ना तुमच्या? शेळ्या वाढल्या, त्या सलत होत्या. डॉक्टरकडं निघालेला माणूस फाटकात अडवलात. का अडवलात, ते आज कळलं."

"आबांची शपथ..."

"त्यांचं नाव घेऊ नका!"

धाकटा मध्ये पडला नाही. तो शेळीचा दोर हातात धरून जमिनीकडं बघत उभा होता. भावानं भावाकडं एकदा तरी बघावं म्हणून थोरला वाट बघत होता, हे मला दिसत होतं. धाकट्यानं दोर खांद्यावर घेतला आणि ठिपकीला ओढत फाटकाबाहेर गेला.

थोरला आपल्या ओट्यावर येऊन बसला. धाकटीनं ते पोतं आणून त्याच्यापुढं फेकलं, तळाशी थोडा पाला होता. त्यानं चिमूट घेतली, तोंडात टाकली आणि चावत बसला. मी आणि थोरली बघत होतो. चावला, गिळला. पुन्हा चिमूट घेतली. त्याचं तोंड वाकडं झालं नाही. डोळ्यात पाणी आलं, पण ते कडूपणानं नव्हे.

"काकू," तो म्हणाला, "याला चवच नाही हो."

मग तो शिडीवर चढला आणि एकेका पोत्यातला पाला चावून बघत गेला. थोरली खालून म्हणत होती, "अहो, उतरा, पडाल." तो उतरला तेव्हा त्याच्या दाढीत पाल्याचा चुरा होता आणि अंगाला कसलाही वास नव्हता.

माणूस भित्रा नव्हता तो. तसाच अंगण ओलांडून धाकटीच्या दाराशी गेला आणि तिला सगळं खरं सांगितलं. बाप काय म्हणायचा, आपण काय केलं, गुडघे धरले म्हणून मुरलेला म्हणायला लागलो, आणि मग तेच खरं वाटायला लागलं. "मी अडाणी ठरलो गं. पण दुष्ट नाही. मला वाटलं, सगळ्यात जुना तो सगळ्यात मोलाचा. म्हणून तुला दिला. परक्याला दिला तो मला कमी प्रतीचा वाटला होता."

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं औषध देताय. चांगला कुठला आणि मेलेला कुठला, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"नव्हतं कळत."

"तुम्हाला?"

त्यानंच तर गावभर सांगून ठेवलं होतं की पाल्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही.

मी नंतर तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, "अगं, मी होते ना तिथं. गाठ सोडताना त्याचे हात थरथरत होते." ती म्हणाली, "थरथरणारच, काकू. पाप करताना थरथरतात." वर म्हणाली, "तुमची भिंत त्यांच्या बाजूची. तुम्ही त्यांच्या बाजूनंच बोलणार." मी उठून आले. भिंत काय मी बांधली होती?

थोरल्यानं माळा रिकामा केला. पोत्यामागून पोतं बाहेर ओतलं, दिवसाउजेडी, गावाच्या डोळ्यांदेखत. त्याला वाटलं असेल, निदान हे बघून तरी लोकांना पटेल. लोक जमले आणि हळहळले. एक म्हातारा तर चिडलाच. "अरे, वेड लागलं का? मुरलेला माल मातीत घालतोस?"

"मुरत नाही तो, काका. मरतो. मी खोटं सांगत होतो."

म्हाताऱ्यानं शेजाऱ्याकडं बघून डोळा मारला. पुढं चार दिवसांत गावात बोललं जाऊ लागलं की टाकला तो नुसता कचरा. खरा मुरलेला त्यानं कुठंतरी दडवून ठेवलाय. भावाला द्यावा लागू नये म्हणून. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माणसं हळूच येऊन विचारायची, "आम्हाला तरी दे की थोडा. आम्ही काय कुणाला सांगणार नाही." थोरला ओरडायचा, "नाहीये! नाहीये माझ्याकडं!" आणि ती समजून हसून परत जायची. स्वतःच्या तोंडानं पेरलेलं ते. उपटता उपटेना.

पुढचं वर्ष असंच अबोल्यात गेलं. अंगण एक, पण दोन्ही घरांच्या बायका वेगवेगळ्या वेळी झाडायच्या. थोरली कधी भाजी जास्त झाली म्हणून वाडगा पाठवायची. तो तसाच भरलेला परत यायचा. धाकटा मजुरीला जायला लागला. काणीनं म्हातारपणी दोन करडं दिली, धाकटीनं ती पोटच्या पोरांसारखी सांभाळली.

पाला फुलावर यायच्या आधी थोरल्यानं काठी घेतली आणि कड्याकडं निघाला. थोरली म्हणाली, मी जाते. तो म्हणाला, नको. त्या गुडघ्यांनी तो कसा चढला, त्याचं त्याला माहीत. उतरताना बराचसा बसून उतरला. धोतराची चाळण झाली होती, तळहात सोलले होते. पाठीवर ओल्या पाल्याचा भारा. अंगणात आला तसा तो जुना वास आमच्या घरात भिंत ओलांडून आला. मला शिंक आली.

करडांना तेव्हा नुकतंच हगवणीचं दिसायला लागलं होतं. थोरला घरात गेलाच नाही. तसाच भारा घेऊन धाकटीच्या दाराशी उभा राहिला.

"करडांना दे," तो म्हणाला. "आजचाच आहे."

धाकटी बाहेर आली. भाऱ्याकडं बघितलं, त्याच्या सोललेल्या हातांकडं बघितलं. मला वाटलं, आता ही विरघळणार. तिनं वाकून एक पान खुडलं आणि दाताखाली धरलं. तिचं तोंड असं वाकडं झालं, डोळे घट्ट मिटले, तिनं बाजूला थुंकलं, पुन्हा थुंकलं.

थोरल्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "कडू आहे ना? आहे ना कडू?"

"आहे," धाकटी म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "असा असतो, हे तुम्हाला माहीत होतं तर."

तिनं भारा ओढून आत घेतला आणि दार लोटलं.

दार लोटलं तरी तिनं पाला उकळला, करडांना पाजला. करडांनी लाथा झाडल्या, किंचाळली, तिच्या अंगावर थुंकली. अंगणभर सगळं ऐकू येत होतं. थोरला ओट्यावर बसून कान देऊन ऐकत होता. दोन-तीन दिवसांत करडं अंगणभर उड्या मारायला लागली. तो मला म्हणाला, "झाली ना बरी, काकू? मग झालं."

तेव्हापासून दर वर्षी तो कडा चढतो आणि पाला तिच्या दाराशी ठेवतो. ती घेते. तिचा गोठा आता पुन्हा भरत आलाय. आणि पाणी भरायला चार बायका जमल्या, पाल्याचा विषय निघाला, की धाकटी कळशी घासता घासता मान वर न करता म्हणते, "बघा ना बाई. मनात असलं की देता येतो."